एपीएफ चालू केला की स्टेशनच गायब होतं, एफटी-९९१ए वर नक्की काय चुकतंय?

मिरजकर_व्हीयू३ :

नमस्कार मंडळी. सेकंडहँड एफटी-९९१ए (यासूचा हॅम रेडिओ सेट) घेऊन चार महिने झाले, गच्चीवर ४० मीटर बँडचा इन्व्हर्टेड व्ही (उलट्या व्हीसारखी तारेची अँटेना) टाकलाय. हॅम लायसन्स रिस्ट्रिक्टेड (खालच्या श्रेणीचं) आहे, आता वरच्या जनरल श्रेणीची परीक्षा द्यायचीय, म्हणजे मोर्स आलंच, मिनिटाला ८ शब्द. त्यामुळे रोज रात्री जेवण झालं की हेडफोन लावून ७.००० ते ७.०३० मेगाहर्ट्झमध्ये ऐकत बसतो. हळू पाठवणारा कोणी सापडला की वहीत उतरवून घेतो.

अडचण अशी की कमजोर स्टेशन असलं की आवाजाच्या गाळात बुडलेलं असतं. आमच्या गल्लीत एलईडी दिवे, शेजारी इन्व्हर्टर, सगळीकडून नुसती खरखर. मॅन्युअलमध्ये वाचलं की सीडब्ल्यूला (म्हणजे मोर्सला) ऑडिओ पीक फिल्टर आहे, एपीएफ, तो कमजोर सिग्नल वर उचलतो. म्हणून मोठ्या आशेनं लावला तर उलटंच, जे थोडंफार ऐकू येत होतं ते पण गेलं! आवाज असा येतो की कुणी रिकाम्या हंड्यात तोंड घालून शीळ घालतंय, आणि स्टेशन मागे कुठेतरी. बंद केला की स्टेशन परत जागेवर. विड्थ (फिल्टरची रुंदी) ५०० हर्ट्झवर आहे, पिच (मोर्सचा सूर) ७०० वर आहे, डीएनआर (खरखर कमी करणारी सोय) बंद. सेट खराब आहे का माझी पद्धत चुकतेय? आधीच्या मालकाला विचारलं तर ते म्हणाले मी कधी सीडब्ल्यू केलंच नाही, फक्त एसएसबी (बोलणं).

नाशिक_क्यूआरपी :

सेट ठणठणीत असणार, घाबरू नकोस. दोन गोष्टी तपास, त्यातली एक नक्की निघेल.

पहिली, या सेटवर कंटूर (आवाजाचा ठराविक भाग दाबणारा-उचलणारा फिल्टर) आणि एपीएफ एकाच नॉबवर बसवलेत. तू जे लावतोयस ते खरंच एपीएफ आहे का कंटूर आहे हे स्क्रीनवर वाच. कारण कंटूर फॅक्टरीतून येतो तेव्हा त्याची लेव्हल उणे १५ डीबी असते, म्हणजे तो उचलत नाही, खड्डा पाडतो. एसएसबीत कुणाचा कर्कश आवाज मऊ करायला ते छान आहे पण सीडब्ल्यूत तो खड्डा नेमका तुझ्या स्टेशनवर आला तर स्टेशन गेलंच समज. आधीचे मालक एसएसबीवाले होते म्हणजे कंटूर त्यांनी हाताळलेला असणार.

दुसरी, एपीएफच असेल तर त्याचं शिखर कुठे आहे ते बघ. नॉब फिरवला की ते पिचपासून २५० हर्ट्झ खाली आणि २५० हर्ट्झ वर इतकं सरकतं आणि आकडा स्क्रीनवर येतो. तो शून्यावर असला तरच शिखर तुझ्या पिचवर. नॉबला चुकून हात लागून तो भलतीकडे गेला असेल तर फिल्टर इमानदारीत तिथलीच खरखर उचलून तुझ्या कानात घालणार, आणि तू म्हणतोस ती हंड्यातली शीळ म्हणजे तीच. खरखर अरुंद फिल्टरमधून काढली की ती सुरात वाजायला लागते.

आणि तिसरं जे सगळे विसरतात. शिखर पिचवर असलं तरी स्टेशन पिचवर आहे का? तू डायल फिरवून कानाला गोड लागेल तिथे थांबत असशील तर स्टेशन ५५० वर वाजत असेल आणि फिल्टर ७०० वर उभा असेल. ५०० च्या विड्थमध्ये हे कळतच नाही कारण दोन्ही आत मावतात. झेडआयएन बटण दाब, सेट स्वतः स्टेशनला पिचवर आणतो, मग एपीएफ लाव. सिग्नल अगदीच मेलेला असेल तर झेडआयएनला सापडत नाही, तेव्हा स्पॉटचा टोन (सेट स्वतः पिचवर वाजवतो तो) लावून कानानं सूर जुळव, तंबोरा लावतात तसं, दोन सूर एक झाले की ठोके थांबतात.

मिरजकर_व्हीयू३ :

दादा काय बोलू! आत्ता जाऊन बघितलं. लावत होतो तो एपीएफच होता, पण आकडा +१९० दाखवत होता. म्हणजे पिच ७०० आणि शिखर ८९० वर. चार महिने मी ८९० ची खरखर ऐकत होतो. शून्यावर आणला, झेडआयएन दाबलं, आणि एक स्टेशन असं वर आलं की पेन शोधेपर्यंत अर्धा कॉलसाईन (स्टेशनचं सांकेतिक नाव) गेला.

आता पुढचा प्रश्न. मेनूत एपीएफ विड्थ आहे, नॅरो, मीडियम, वाईड. माझा मीडियमवर होता. नॅरो केला तर अजून स्वच्छ होतं पण अक्षरं एकमेकांना चिकटल्यासारखी वाटतात आणि मध्येच टिंग टिंग असे खोटे डॉट येतात, वीज कडाडली की जास्त. हे नॉर्मल आहे का?

व्हॉल्व्हवाले_काका :

बाळा, हा प्रश्न विचारलास म्हणून लिहायला बसलो, नाहीतर आजकाल नुसता वाचतो मी.

अरुंद फिल्टर म्हणजे देवळातली घंटा. टोला मारला की वाजते, आणि टोला थांबला तरी वाजत राहते. फिल्टर जितका अरुंद तितकी घंटा जास्त वेळ घुमणार, हा निसर्गाचा नियम आहे, कितीही महाग सेट घेतलास तरी त्यातून सुटका नाही. साध्या एका ट्यून्ड सर्किटचा हिशोब धर. १०० हर्ट्झ रुंदीला घुमणं विरायचा काळ साधारण ३ मिलिसेकंद, ३० हर्ट्झला साडेदहा. आणि सिग्नल तळापासून वर चढायला त्याच्या दुप्पट-अडीचपट लागतं, म्हणजे ३० हर्ट्झला २३ मिलिसेकंद.

आता हे मोर्सशी लाव. डॉटची लांबी काढायची सोपी रीत आहे, १२०० भागिले वेग. ८ शब्दाला डॉट १५० मिलिसेकंदाचा. त्यात २३ गेले तरी डॉट आपला ताठ उभा. २० शब्दाला डॉट ६०, जरा खांदे पडतात. ३० शब्दाला ४०, तिथे अर्ध्याहून जास्त वेळ नुसता चढण्यात जातो आणि दोन डॉटच्या मधली शांतताच भरून जाते, एच आणि एस ओळखू येत नाहीत. तुला चिकटल्यासारखं ज्या स्टेशनचं वाटलं ते बहुतेक पंचविसाच्या पुढे पाठवत असणार. तुझ्या सरावाच्या वेगाला नॅरो बिनधास्त वापर, जलद स्टेशन आलं की मीडियम, स्पर्धेच्या दिवशी वाईड किंवा बंद.

टिंग टिंगचं पण तेच. विजेचा कडाका म्हणजे घंटेवर फेकलेला दगड. त्या कडाक्यात सगळ्या फ्रिक्वेन्सी असतात पण घंटा वाजणार ती स्वतःच्याच सुरात, आणि तो सूर तू स्टेशनच्या पिचवर लावून ठेवलायस, म्हणून प्रत्येक कडाका तुला डॉटसारखा ऐकू येतो. वळवाच्या दिवसात ४० आणि ८० मीटरवर एपीएफ नॅरो ठेवून ऐकणं म्हणजे डोकेदुखी. तेव्हा फिल्टर रुंद कर आणि आरएफ गेन (रिसीव्हरची संवेदनशीलता) मागे घे, चांगला मागे घे, व्हॉल्यूम वाढव. नॉईज ब्लँकर गाडीच्या स्पार्कसारख्या बारीक ठिणग्यांना मारतो, लांबलचक कडाक्याला त्याचा उपयोग नाही.

आमच्या वेळी हे सगळं हातानं दिसायचं. माझ्याकडे एफटी-९०२डीएम हा जुना सेट होता, त्याच्या पॅनलवरच एपीएफ होता, अ‍ॅनालॉग, आणि तो फिरवताना खरखरीतून सूर असा सरकत जायचा की विहिरीत कंदील सोडलाय. त्याच्याही आधी आम्ही टेलिफोनच्या लाईनमधल्या ८८ मिलिहेन्रीच्या लोडिंग कॉइल भंगारातून आणायचो. त्याला ०.४७ आणि ०.१२ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर पॅरलल लावले की बरोबर ७०० हर्ट्झला बसतं, करून बघ हिशोब. वीज नको, बॅटरी नको.

तुला हातानं शिकायचं असेल तर एका ऑप-अँपवर पण होतं, बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडला सगळं मिळेल. टीएल०७२ घे, मल्टिपल फीडबॅकची जोडणी, दोन्ही कपॅसिटर ०.०१ मायक्रोफॅरड, फीडबॅकला २२० के (किलोओहम), इनपुटला ११० के, आणि जमिनीकडे दीड के रेझिस्टरच्या सिरीजमध्ये ५ के चा पॉट (फिरवायचा रेझिस्टर). पॉट फिरवला की शिखर साधारण ४३० पासून ८८० पर्यंत सरकतं आणि रुंदी मात्र हलत नाही, १४५ च्या आसपास राहते. तशाच दोन स्टेज एकामागे एक, दोन्ही एकाच सुरावर, तर ९३. पॉट फिरवत बसलास की तुझ्या महागड्या सेटमधला तो नॉब काय करतो ते हाताला कळेल.

कोकणी_डिडा :

काकांची घंटा मी आता सगळ्यांना सांगणार आहे 🙏

मी रत्नागिरीची, दिवसभर कानाच्या दवाखान्यात ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करते आणि रात्री सीडब्ल्यू, तर कानाच्या बाजूनं थोडं लिहिते कारण हे रेडिओच्या पुस्तकात फारसं येत नाही.

आपण कागदावर हिशोब करतो की २४०० वरून ३०० हर्ट्झवर आलो म्हणजे आवाजाची खरखर आठपट कमी, ९ डीबी फायदा. गणित बरोबर आहे पण कान काही मीटर नाही. कानात आतल्या शंखात एक पडदा असतो आणि त्याच्या प्रत्येक जागेला आपापली फ्रिक्वेन्सी असते, म्हणजे कानात आधीच शेकडो एपीएफ बसवलेले आहेत. ७०० हर्ट्झच्या सुराला कान स्वतः साधारण १०० हर्ट्झचीच खिडकी लावतो. त्यामुळे विड्थ ५०० वरून १५० केली तर मीटर हलेल पण सराव झालेल्या कानाला सिग्नल तितका वर आल्यासारखा वाटणार नाही. दमणूक मात्र खूप कमी होते आणि दोन तास ऐकायचं तर तीच मोठी गोष्ट आहे. खरा फायदा सुरू होतो तो फिल्टर कानाच्या खिडकीपेक्षा अरुंद झाला की.

आणि मिरजकर, पिच खाली आणून बघा. कानाची ही खिडकी खालच्या सुराला अरुंद असते, ७०० ला १०० तर ५०० ला ७९, ४०० ला ६८ च्या आसपास. म्हणजे नुसता पिच ७०० चा ५०० केला की काहीही न विकत घेता जास्त अरुंद फिल्टर मिळाला. शिवाय जवळची दोन स्टेशनं खालच्या सुरात वेगळी ओळखू येतात. १०० हर्ट्झच्या अंतरावरची दोन घ्या, ४०० आणि ५०० मध्ये सुरांचं अंतर मोठं वाटतं, ८०० आणि ९०० मध्ये तितकं नाही, पेटीवर वाजवून बघा. तुमच्या सेटला पिच ३०० ते १०५० मध्ये कुठेही ठेवता येतो. मी ४८० वर ऐकते. पहिले चार-पाच दिवस विचित्र वाटतं, मग ७०० ची शीळ नको होते. फार खाली मात्र जाऊ नका, स्वस्त हेडफोन ३०० ला पडतात.

अजून एक, एपीएफ लावला की व्हॉल्यूम वाढवू नका. अरुंद सूर तासन्‌तास मोठ्यानं ऐकला की कान त्या सुराच्या आसपास बधिर होतो, माझ्याकडे असे पेशंट येतात. अधूनमधून फिल्टर बंद करून उघडा बँड ऐकायचा, कान ताजा होतो.

मस्कत_मराठी :

सगळं पटलं पण माझं मत थोडं वेगळं आहे, रागावू नका. मी इथे २० मीटरवर रोज असतो, माझा सेट आयकॉम ७६१०, त्यात एपीएफला सॉफ्ट आणि शार्प असे दोन प्रकार आणि शार्पमध्ये ३२०, १६०, ८० अशा रुंद्या. इतकं सगळं असून दहातल्या आठ वेळा मी तो बंद ठेवतो. कारण लोक एपीएफकडून जे काम मागतात ते त्याचं नाहीच.

शेजारी तगडं स्टेशन आलं की नवीन माणूस पहिला एपीएफ लावतो. पण एपीएफ बसलाय ऑडिओच्या शेवटी, एजीसीच्या (आवाजाची पातळी आपोआप सांभाळणाऱ्या सर्किटच्या) नंतर. तगडं स्टेशन विड्थच्या आत असेल तर एजीसी त्याला बघून अख्ख्या रिसीव्हरचा गळा दाबणार, त्याच्या प्रत्येक डॅशला तुझं कमजोर स्टेशन खाली जाणार आणि मग वर येणार, धपापल्यासारखं. तू एपीएफनं त्या तगड्याचा आवाज दाबशील, पण त्यानं केलेला धपापा तसाच राहणार. तिथे काम आहे विड्थ आणि शिफ्टचं (फिल्टर बाजूला सरकवणं), ते एजीसीच्या आत आहेत. आणि ९९१ए ला रूफिंग फिल्टर (रिसीव्हरच्या तोंडाशी बसलेला) ३ किलोहर्ट्झचा आहे, त्याच्या आत राक्षस घुसला तर अ‍ॅटेन्युएटर लावून आरएफ गेन मागे, दुसरा इलाज नाही.

तर क्रम असा ठेव. आधी आरएफ गेन, मग झेडआयएन, मग विड्थ ३०० किंवा २५०, आणि हे सगळं करून बँड शांत पण स्टेशन मेलेलं असेल, क्यूआरएम (दुसऱ्या स्टेशनांचा अडथळा) नाही, वीज नाही, नुसती सपाट खरखर, तेव्हा एपीएफ. तिथे तो सोन्यासारखा आहे. विड्थ ५० करूनही ऐकता येतं पण मग बाजूला काय चाललंय ते पार बंद होतं, कुणी १५० हर्ट्झ वरून तुला हाक मारली तर कळणारच नाही. पीक फिल्टर बाजूचं पुसून टाकत नाही, मधलं उचलतो, म्हणून खोलीत बसून दाराबाहेरचं पण ऐकू येतं, माझ्या मते त्याची सगळ्यात चांगली गोष्ट हीच.

आणि खरंच फायदा होतोय का हे मनानं ठरवू नको, मोजून बघ. १४.१०० मेगाहर्ट्झवर जगभरातले १८ बीकन (चाचणीसाठी आपोआप पाठवणारी स्टेशनं) पाळीपाळीनं येतात, प्रत्येकाला १० सेकंद, ३ मिनिटांत एक फेरी. २२ शब्दाच्या वेगानं कॉलसाईन आणि मग एकेक सेकंदाचे चार डॅश. पहिला १०० वॉटवर, दुसरा १० वर, तिसरा १ वर, चौथा ०.१ वर. तिकडची अँटेना तीच, वाट तीच, फक्त पॉवर दर वेळी दहावा भाग. एपीएफ बंद ठेवून किती डॅश ऐकू येतात ते लिही, पुढच्या फेरीत चालू करून लिही. फेडिंग असतं म्हणून एकदा करून निकाल लावू नको, दहा-बारा फेऱ्या कर. फेरी यूटीसीच्या (जागतिक वेळेच्या) तासाला सुरू होते, आपल्याकडे साडेपाच तास पुढे असलं तरी ३० ला ३ नं भाग जातो त्यामुळे घड्याळातली मिनिटं तीच चालतात. फेरी सुरू झाल्यावर ५० व्या सेकंदाला ऑस्ट्रेलियाचा व्हीके६आरबीपी, एका मिनिटानं जपानचा जेए२आयजीवाय. एखादा बीकन बंद पण असतो, ऐकू नाही आला तर फिल्टरला दोष देऊ नको.

नाशिक_क्यूआरपी :

+१ बीकनला. आणि मस्कतवाले दादांचा क्रम मलाही मान्य, फक्त एवढंच की ५ वॉटवाल्यांना ऐकणारे आम्ही लोक, आम्हाला मेलेली स्टेशनंच जास्त भेटतात, म्हणून माझा एपीएफ दहातल्या पाच वेळा चालू असतो.

मिरजकर_व्हीयू३ :

उशिरा उत्तर देतोय, आठवडाभर ताईंचं ऐकून पिच ५२० वर ठेवला आणि कानाला सवय केली. खरंच सांगतो चौथ्या दिवसापासून ७०० चा आवाज टोचायला लागला.

मग शनिवार-रविवार संध्याकाळी बीकन. गल्लीतले दिवे लागायच्या आधी बसलो. २० मीटरला वेगळी अँटेना नाही, ट्यूनरवर तोच इन्व्हर्टेड व्ही. विड्थ ३००, आरएफ गेन मागे, एजीसी फास्ट. एकूण १४ फेऱ्या लिहिल्या, एक आड एक एपीएफ बंद आणि चालू, शेवटपर्यंत मीडियमवर. जपान बंदवर नुसता कॉलसाईन आणि पहिला डॅश, दुसरा आहे नाही असा. चालूवर दुसरा स्वच्छ, सातपैकी सात वेळा. ऑस्ट्रेलिया दणकून होता, त्याचा बंदवर दुसरा डॅश येत होता आणि चालूवर सातपैकी चार वेळा तिसरा पण आला. म्हणजे १ वॉट! सेकंदभराचा तो डॅश इतका बारीक होता की श्वास रोखून ऐकला, आईनं चहा आणून ठेवला ते कळलं नाही. चौथा एकदाही नाही.

एक नोंद अशी की दिवे लागल्यावर परत तीच चाचणी केली तेव्हा बंद आणि चालूमध्ये काहीच फरक नाही. दिव्यांची खरखर सपाट नाही, तिच्यात मधूनमधून सूर आहेत, आणि त्यातला एक नेमका पिचजवळ येऊन बसतो, एपीएफ त्यालाही उचलतो. नॉच (एकच सूर कापणारा फिल्टर) लावून तो कापला तर थोडं बरं झालं.

आता काकांचं सर्किट करायला घेतलंय, कानाचे फिल्टर आणि सेटचा फिल्टर कळला तर हातानं केलेला पण कळू दे. काका, ११० के मिळालं नाही, १०० के आणि १० के सिरीजमध्ये लावले तर चालेल ना? आणि कपॅसिटर सिरॅमिक घेऊ का पॉलिएस्टर?

व्हॉल्व्हवाले_काका :

१०० आणि १० सिरीजमध्ये अगदी चालेल. कपॅसिटर पॉलिएस्टर घे, तापमानानं सरकणारे सिरॅमिक इथे नकोत, नाहीतर उन्हाळ्यात सकाळी एका सुरावर आणि दुपारी दुसऱ्या सुरावर उभा राहील तो फिल्टर. दोन्ही कपॅसिटर मीटरवर मोजून जुळते निवड, दहा घेतलेस तर दोन जोड्या निघतात. ऑप-अँपला ९ व्होल्टची एकच बॅटरी देणार असशील तर दोन १० के नी मधला बिंदू काढ आणि त्याला १० मायक्रोफॅरड लाव. आणि सेटच्या हेडफोनमधून आत घेताना आधी एक पॉट टाक, जोराच्या आवाजाला ऑप-अँप डोकं आपटतो आणि मग फिल्टर फाटका वाजतो. झाला की कळव, परीक्षेचं पण कळव. ७३ (शुभेच्छा).